एलएफएला नावं ठेवणारे तेव्हा चुकले होते का? एका आवाजवाल्याचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबर २०२५ मध्ये टोयोटाच्या लेक्सस या महागड्या ब्रँडने एलएफए नावाची नवी कॉन्सेप्ट (नमुना गाडी) दाखवली, ती निघाली इलेक्ट्रिक, आणि चाहत्यांनी एकच गलका केला की हे काय चाललंय, नावाला बट्टा लावला वगैरे. त्यावर प्रश्नकर्ते विचारताहेत की मूळ एलएफए, लेक्ससची सुपरकार, २००९ मध्ये लॉन्च झाली तेव्हा तरी तिला कुठे कुणी डोक्यावर घेतलं होतं, तेव्हाही शिव्याच पडल्या होत्या ना, मग ती आता एकदम देव्हाऱ्यात कशी जाऊन बसली? आणि तिच्या आवाजाचं एवढं जे कौतुक चालतं ते खरं की नुसती हवा?

मी चोवीस वर्षं एनव्हीएचमध्ये आहे, म्हणजे गाडीतला आवाज, कंप, धक्के, हादरे हे सगळं मोजायचं आणि कमी करायचं. चाकण पट्ट्यातच सगळी नोकरी झाली. आमची आई माझ्या डिपार्टमेंटला "आवाजखातं" म्हणते आणि खरं सांगायचं तर तेच बरोबर नाव आहे. त्यामुळे प्रश्नाच्या आवाजाच्या भागावर मी जरा हक्काने बोलेन, बाकीचं एक गाड्यांचा वेडा म्हणून.

आधी कबुली देतो, शिव्या घालणाऱ्यांत मीही होतो. ऑक्टोबर २००९, टोकियो मोटर शो, गाडी आली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या कँटीनच्या टेबलवर पोह्यांच्या प्लेटा बाजूला सारून प्रिंटआउट पसरलेले. किंमत ३,७५,००० डॉलर. जपानमध्ये पावणेचार कोटी येन. फक्त ५०० गाड्या बनणार. ४.८ लिटरचं व्ही१० (दहा सिलिंडरचं) इंजिन, ५६० पीएस (साधारण हॉर्सपॉवरच), ताशी ३२५ किमी, शून्य ते शंभर ३.७ सेकंदात. ठीक आहे ना, वाईट काहीच नाही यात. पण शेजारी दुसरे कागद ठेवा की मग कळतं. निसानची जीटी-आर ऐंशी हजार डॉलरच्या आसपास मिळत होती आणि सुटताना हिच्यापेक्षा चपळ होती. कॉर्व्हेट झेडआर१ लाखभर डॉलरला, ६३८ हॉर्सपॉवर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे महिनाभर आधीच फ्रँकफर्टला फेरारीने ४५८ दाखवलेली, ४.५ लिटरचं व्ही८, ५७० पीएस, तीही ९००० आरपीएमपर्यंत (मिनिटाला तेवढे फेरे) जाणारी, वर ड्युअल क्लच गिअरबॉक्स (दोन क्लच, म्हणून गिअर झटक्याशिवाय पडतात), आणि किंमत सव्वादोन लाख डॉलरच्या घरात. आमचा एक सिनियर होता, तो म्हणाला, एवढ्या पैशात फेरारी सोडून टोयोटा कॅमरीच्या भावाला कोण घरी आणणार? सगळे हसलो. मीही हसलो.

आता मागे वळून बघताना लोक म्हणतात की तेव्हाचे सगळे मूर्ख होते, त्यांना कळलंच नाही. मला हे पटत नाही. समोर जे कागद होते त्यावरून बघितलं तर हिशेब आमचाच बरोबर होता.

शिवाय वेळ बघा ना काय निवडली होती. म्हणजे निवडली नव्हती, आली होती. जगभर मंदी, टोयोटाने नुकताच सत्तर वर्षांतला पहिला वार्षिक ऑपरेटिंग तोटा दाखवलेला, आणि अशात ही पावणेचार लाख डॉलरची गाडी. हारुहिको तानाहाशी हे एलएफएचे चीफ इंजिनियर, त्यांनी काम सुरू केलं २००० साली. तेव्हा एफ१ (फॉर्म्युला वन) शर्यतींत व्ही१० इंजिनं पळत होती आणि २००२ मध्ये टोयोटा स्वतः एफ१ मध्ये उतरली, म्हणजे व्ही१० रोडकारला एक सरळ कारण होतं. मग २००६ ला एफ१ व्ही८ वर गेलं. आणि टोकियोचा शो आटपतोय न आटपतोय तोच, ४ नोव्हेंबर २००९ ला, टोयोटाने एफ१ सोडत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे ज्या वरातीसाठी घोडा सजवला ती वरातच रद्द झाली आणि घोडा तेवढा दारात उभा.

उशीर का झाला त्याचं मोठं कारण बॉडी. सुरुवातीला ॲल्युमिनियमची होती, कॉन्सेप्ट २००५ ला डेट्रॉइटमध्ये दाखवून झाली होती, आणि मग यांनी ठरवलं की नाही, कार्बन फायबर करायचं. जवळपास सगळं परत पहिल्यापासून. बॉडीचा ६५ टक्के भाग कार्बन फायबरचा झाला, ॲल्युमिनियमच्या मानाने शंभरेक किलो वजन वाचलं. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे विंडशील्डच्या बाजूचे पिलर विणायला त्यांनी गोल माग बनवला, कार्बनच्या धाग्याची पोकळ नळी विणणारा. इचलकरंजी-भिवंडीच्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणेल त्यात काय, माग तर माग. पण टोयोटा घराणंच मुळात मागवाल्यांचं, साकिची टोयोडांचा १९२४ चा ऑटोमॅटिक माग हीच त्यांची मूळ कमाई, आणि ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी त्याच घरातली सर्वात महाग गाडी परत मागावर गेली. हे काही ब्रोशरच्या तक्त्यात येत नाही, कुठल्या रकान्यात घालणार?

तसाच दुसरा रकाना नसलेला आकडा म्हणजे ०.६ सेकंद. न्यूट्रलला आयडलवरून ९००० आरपीएमला पोचायला लागणारा वेळ. काट्याचा टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारी तबकडी) त्याच्याबरोबर धावू शकत नव्हता म्हणून स्क्रीनवरचा काटा दिला, असं कंपनी सांगते, आणि लॉन्चच्या वेळी आम्ही हे मार्केटिंग म्हणून सोडून दिलं होतं. पण जरा आत बघा. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८८, स्ट्रोक (पिस्टनची एका दिशेची धाव) ७९ मिलिमीटर. म्हणजे ९००० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २३.७ मीटर. रोडकारसाठी हा आकडा भीतीदायकच आहे. त्यासाठी टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड, टायटॅनियमचे व्हॉल्व्ह, आणि दहा सिलिंडरना दहा वेगळे थ्रॉटल, म्हणजे हवा सोडणाऱ्या झडपा. साध्या गाडीत एकच थ्रॉटल असतो आणि त्याच्यामागे एवढी मोठी मॅनिफोल्डची पोकळी, पाय दाबला की आधी ती हवेने भरते मग इंजिनला कळतं. इथे थ्रॉटल सिलिंडरच्या तोंडाशी. पाय आणि इंजिन यांच्यात मध्यस्थच नाही.

आता आवाज. इथे जरा थांबणार आहे, माझं खातं आहे.

आमच्याकडे रोज काय चालतं ते आधी सांगतो म्हणजे फरक कळेल. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं, म्हणून त्याची मुख्य ऑर्डर (एका फेऱ्यात किती ठोके) दोन. २२०० आरपीएमला सेकंदाला साधारण ३७ फेरे, गुणिले दोन, ७३ हर्ट्झ. एका हॅचबॅकवर (कंपनी राहू द्या) या ७३ हर्ट्झने आमचे आठ महिने खाल्ले. बरोबर तिथे छपराचा पत्रा साथ द्यायचा आणि कानाशी असं दडपण यायचं की पिंपात डोकं घातलंय. शेवटी कुठे एक चारशे ग्रॅमचं वजन रबरावर टांगलं आणि गप्प बसलं. तीन सिलिंडरवाल्या गाड्यांचं तर विचारूच नका, सिग्नलला उभी असली की २० हर्ट्झला स्टिअरिंग थरथरत असतं. आमचं आयुष्य हे असं वजाबाकीत जातं.

एलएफएमध्ये उलटं. ७२ अंशाचा व्ही१०, त्यामुळे दर ७२ अंशाला एक सिलिंडर पेटतो, एकदम समान अंतराने. एका बाजूच्या पाच सिलिंडरचा वेगळा विचार केला तर तिथेही समान अंतर, १४४ अंश. म्हणून एका बाजूची ऑर्डर अडीच, दोन्ही मिळून पाच. एक्झॉस्टच्या नळ्या समान लांबीच्या केल्या की मधल्या भरकटलेल्या ऑर्डरी दबतात आणि अडीचच्या पटीतल्या तेवढ्या उरतात. आता ९००० ला हे हर्ट्झमध्ये काढा. सेकंदाला १५० फेरे. अडीचला ३७५ हर्ट्झ, पाचला ७५०, साडेसातला ११२५, दहाला १५००. गाणं शिकलेल्या माणसाने हे आकडे परत वाचावेत. ३७५ हा सा धरला तर ७५० वरचा सा, ११२५ त्याच्या वरचा पंचम, १५०० परत सा. सा, सा, प, सा. तंबोरा लावलाय हो! बरं, ७५० म्हणजे तार सप्तकातल्या काळी तीनच्या अगदी जवळ, आमच्या घरच्या पेटीवर मी लावून बघितलंय, बायकोने विचारलं काय चाललंय, म्हटलं ऑफिसचं काम.

याउलट अमेरिकन पद्धतीच्या क्रॉसप्लेन व्ही८ मध्ये एका बाजूचे चार सिलिंडर समान अंतराने पेटत नाहीत, त्यामुळे मधल्या अर्ध्यामुर्ध्या ऑर्डरी भरपूर येतात आणि तो गडगडाट तयार होतो. तोही छान असतो, पण तो ढोल-ताशा आहे. एलएफए सुरात गाते. कुठला चांगला यावर भांडू नका, मिरवणुकीत तंबोरा कोण ऐकणार.

हे झालं इंजिनच्या रचनेतून फुकट मिळालेलं. त्याच्यावर यामाहाने काम केलं. यामाहा म्हटलं की आपल्याकडे एक तर आरएक्स १००, नाहीतर ऑर्केस्ट्रातला कीबोर्ड, आणि लोकांना वाटतं कंपनी एकच. खरं तर मोटारसायकलवाली यामाहा १९५५ साली वेगळी झाली, वाद्यंवाली वेगळी, पण दोघींच्या चिन्हात तेच तीन ट्युनिंग फोर्क. इंजिन मोटारवाल्या यामाहाबरोबर बनलं आणि आवाज लावायला वाद्यंवाले बसले. त्यांनी काय केलं, तर इंजिन ज्या डब्यातून हवा ओढतं तो सर्ज टँक, त्याला तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं वापरलं. त्याच्या रिब्स अशा बसवल्या की हव्या त्या फ्रिक्वेन्सीला तो बोलेल, आणि तो आवाज मार्ग काढून केबिनमध्ये आणला. स्पीकर नाही, रेकॉर्डिंग नाही, नुसती हवा. मागे सायलेन्सरमध्ये झडप, ३००० आरपीएमच्या खाली बंद म्हणून गाडी गल्लीत सभ्य वागते, वर गेली की उघडते. लोक म्हणतात ना की हा आवाज "नैसर्गिक" आहे, तर अजिबात नाही, पूर्ण बनवलेला आहे, कारागिराने बनवलेला. नैसर्गिक आवाज कसा असतो ते ऐकायचं असेल तर आमच्या चेंबरमध्ये या, कव्हर काढलेलं डिझेल ऐकवतो.

मी प्रत्यक्ष एकदाच ऐकली. २०१२ मध्ये ट्रेनिंगसाठी जपानला गेलो होतो, नागोयाजवळ, एका सप्लायरच्या आवारात संध्याकाळी आम्ही बसची वाट बघत उभे. एक पांढरी एलएफए गेटमधून बाहेर पडली, अगदी सावकाश, काहीच विशेष नाही, मी मनात म्हटलं हॅः. मग वळणापलीकडे दिसेनाशी झाली आणि तिकडे चालवणाऱ्याने पाय दिला. गाडी दिसत नव्हती, नुसता आवाज चढत गेला आणि मी सवयीने ऑर्डर मोजायला गेलो तोवर संपलासुद्धा. आमच्यातला तो कॅमरीवाला सिनियरही होता. तो काहीच बोलला नाही, बस आली, चढला, आणि हॉटेल यायला आलं तेव्हा म्हणाला, "परत करायला हवं होतं त्याने."

पण म्हणून सगळंच गोड बोलणार नाही. गिअरबॉक्सवरची टीका तेव्हा बरोबर होती, आजही बरोबर आहे. सिंगल क्लच, सहा गिअर, कॉम्प्युटर क्लच दाबतो. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओमधून आपल्याकडे एएमटी आला, तत्त्व तेच. मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लचवर पायाऐवजी यंत्र. ज्यांनी एएमटी चालवलाय त्यांना माहितीये गिअर पडताना डोकं कसं होकार देतं. एलएफएचा अर्थात शेकडो पटीने भारी, शिफ्ट ०.२ सेकंदात, पण तुटकपणा त्याच जातीचा. हलका पडतो आणि गिअर पडल्याचं अंगाला कळतं ही कंपनीची बाजू, आणि २००० मध्ये विचार सुरू केला तर ते ठीकच होतं, पण गाडी विकायला काढेपर्यंत ड्युअल क्लच सर्रास झाले होते. गाडी दहा वर्षं शिजत ठेवली की एखादी भाजी गाळ होतेच.

हिरोमु नारुसे यांचं नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट पुढे नेणं बरं नाही. टोयोटाचे मुख्य टेस्ट ड्रायव्हर, कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोडांना गाडी चालवायला शिकवणारे गुरू. मे २०१० मध्ये एलएफएने जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवरच्या २४ तासांच्या शर्यतीत आपला क्लास जिंकला आणि पुढच्याच महिन्यात, २३ जूनला, त्याच ट्रॅकजवळच्या सार्वजनिक रस्त्यावर एलएफए चालवताना ते अपघातात गेले. वय ६७. पुढच्या वर्षी नुर्बुर्गरिंग पॅकेजवाल्या (ट्रॅकसाठी खास केलेल्या) गाडीने तिथे ७ मिनिटं १४.६४ सेकंदांचा लॅप मारला, तेव्हा बऱ्याच तोंडाळ लोकांची तोंडं बंद झाली, निदान वेगाच्या बाबतीत.

विक्रीचं म्हणाल तर डिसेंबर २०१० ते डिसेंबर २०१२, मोतोमाची कारखान्यात महिन्याला वीस या हिशेबाने ५०० गाड्या बनल्या, इंजिन एकाच कारागिराने जोडायचं आणि त्यावर त्याच्या नावाची पट्टी. आणि एवढं करून अमेरिकेत २०१७ साली सुद्धा डझनभर नव्याकोऱ्या एलएफए डीलरकडे उभ्या असल्याची बातमी होती! पाच वर्षं! नंतर नुर्बुर्गरिंग पॅकेजच्या गाड्या दहा लाख डॉलरच्या वर विकल्या गेल्या. गाडीत मधल्या काळात एक नटसुद्धा बदलला नाही, बदललं ते आजूबाजूचं. टर्बो सगळीकडे आले, इंजिनं लहान झाली, हायब्रिड झाली, आणि टर्बो म्हणजे आवाजाच्या नळीत बसवलेलं पंख्याचं चाक, सूर तिथेच कापला जातो. ४५८ च्या पुढच्या ४८८ ला टर्बो आला तेव्हा फेरारीवाल्यांनीसुद्धा सुतक पाळलं. म्हणजे एलएफए वर चढली त्याला थोडं कारण असं की बाकीचे त्या जिन्यावरून उतरून गेले. आणि मोबाईल. २००९ ला लोकांनी आकडे वाचले, नंतरच्या पोरांनी आधी आवाज ऐकला, आकडे नंतर शोधले, आणि बरेच जण तर शोधायलाही गेले नाहीत.

आता नव्या कॉन्सेप्टचं. तिच्याबरोबर टोयोटाने जीआर जीटी पण दाखवली, ४ लिटरचं ट्विन टर्बो व्ही८, हायब्रिड, ६५० पीएसच्या वरचं लक्ष्य. वारसा मोजताना त्यांनी २०००जीटी (टोयोटाचीच जुनी स्पोर्ट्सकार), मग एलएफए, मग ही अशी ओळ लावली आहे, आणि त्याला जपानमधल्या इसेच्या मंदिराची उपमा दिली, ते दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, जुन्या सुतारांनी नव्यांना हाताला धरून शिकवावं म्हणून. उपमा चांगली आहे. पण मग माझा साधा प्रश्न, मंदिर परत बांधायचं तर पाटी बॅटरीवालीवर का लावली? नाव जीआर जीटीला दिलं असतं तर अर्धा गलका झालाच नसता. हा दोष गाडीचा नाही, बारसं करणाऱ्या आत्याबाईंचा आहे.

इलेक्ट्रिक आहे म्हणून मात्र मी शिव्या घालणार नाही, एकदा पोहे खाताना घालून झाल्यात, चव लक्षात आहे. मोटरलाही ऑर्डर असतात, खूप वरच्या, शिट्टीसारख्या, आज आमचं निम्मं खातं त्या शिट्ट्या मारण्यातच गुंतलंय. त्या दाबायच्या ऐवजी कुणी सुरात लावून दाखवल्या तर मी पहिला ऐकायला जाईन. स्पीकरमधून जुन्या व्ही१० ची टेप वाजवली तर नाही जाणार.

बाकी, आवाज ऐकून स्वतःच ठरवायचं असेल तर एक करा, मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. ४००० आरपीएमला तिची अडीचची ऑर्डर १६७ हर्ट्झला असते आणि पाचची ३३३ ला, ते एवढ्याशा स्पीकरमधून धड येतच नाही, तुम्हाला नुसती वरची किंकाळी ऐकू येते आणि मग वाटतं की त्यात काय एवढं. बरे हेडफोन घाला, केबिनच्या आतलं रेकॉर्डिंग शोधा, वर संगीत टाकलेलं नको, आणि ४००० पासून वर कान लावा. घरात पेटी असेल तर काळी तीन धरून बसा. साधारण शेवटच्या सेकंदात जुळेल.